अस्तर आणि त्याखालची रेघ

आमच्या लॅबमध्ये सगळ्यांत जास्त काय येतं असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: पित्ताशय. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचीच नव्हे, तर बेळगाव-विजापूरकडची माणसंही ऑपरेशनला इथे येतात. खडे झाले, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, की ते फॉर्मालिनच्या बरणीतून थेट आमच्या टेबलावर. सोबत एका पुडीत खडे. ते नातेवाइकांना हवे असतात, घरी दाखवायला.

मी हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे भिंगाखाली तपासतात त्या विभागातली. निदान आमच्या मॅडम करतात. माझं काम त्यांच्या मायक्रोस्कोपखाली वाचण्याजोगी काच ठेवायची एवढंच. पण बरीच वर्षं काचा करता करता पाहायची सवय लागते, आणि रंग बरोबर चढलाय का हे बघायला मलाही भिंगाला डोळा लावावाच लागतो. बहिणीचा मुलगा अकरावी सायन्सला आहे. परवा त्याने वहीतला अभिस्तर ऊतींचा, म्हणजे अवयवांना आतून-बाहेरून झाकणाऱ्या पेशींच्या अस्तरांचा तक्ता दाखवला: सरल (एका थराचं), स्तरित (थरावर थर), पट्टकी (चपट्या पेशींचं), घनाभरूप (ठोकळ्यासारख्या), स्तंभीय (उंच), पुढे ग्रंथींचे प्रकार. "मावशी, हे पाठ कसं करायचं गं?" मी म्हटलं, पाठ करू नकोस, एकदा काच बघ. मग वाटलं, त्याला जे तोंडी सांगितलं ते लिहूनच काढावं.

पित्ताशयापासूनच सुरुवात करू. पिशवी उघडली की आतून हिरवट, मऊ, बारीक जाळीचा पृष्ठभाग दिसतो. त्याचा पातळ काप भिंगाखाली घेतला की पिशवीच्या पोकळीच्या कडेला उंच पेशींची एकच ओळ लागते, प्रत्येकीचं केंद्रक तळाशी. हे अस्तर, म्हणजे पुस्तकातलं सरल स्तंभीय अभिस्तर. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं, आणि पित्ताशयात मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. हिशेब बसवायचा तर पित्तातलं पाणी काढून घेणं भाग आहे, आणि ते काम ही एक ओळ करते. पेशी उंच का, याचं उत्तर इथे आहे. ज्यांना शोषायचं असतं, काही बनवून सोडायचं असतं, त्यांच्या पोटात यंत्रणा जास्त, म्हणून उंची जास्त. ज्यांच्यातून नुसतं आरपार जायचं असतं त्या चपट्या: फुप्फुसाच्या वायुकोशांत पेशी इतक्या पसरट असतात की केंद्रकाचा फुगवटा सोडला तर साध्या भिंगाखाली नीट दिसतही नाहीत. आणि जिथे घासलं जाणार, झिजणार, तिथे थरावर थर: त्वचा, तोंड, अन्ननलिका. एवढं कळलं की तक्त्यातला अर्धा भाग आपोआप लक्षात राहतो.

पण तक्त्यात जे लिहिलेलं नसतं ते असं, की काचेवर हे सगळं इतकं नीट कधीच दिसत नाही. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरतो, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमध्ये अल्कोहोल काढायचं आणि ६० अंशांच्या आसपास वितळलेल्या मेणात तो भरायचा. थंड झालं की ब्लॉक तयार. मायक्रोटोमवर त्याचे ४ मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे. काप एकमेकांना चिकटून पट्टी निघते, तिला आम्ही रिबन म्हणतो. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात, मग खालून काच घालून अलगद उचलायची. यातला सगळ्यांत कळीचा क्षण मात्र कापण्याचा नसतो. मेण गरम असताना चिमट्याने तुकडा साच्यात कसा उभा केला, यावर सगळं ठरतं. अस्तर काटकोनात आलं पाहिजे. तुकडा तिरका बसला तर तीच एक ओळ कापात चार ओळींची दिसते, आणि एकेरी अस्तर स्तरित वाटायला लागतं. नवीन मुलांना मॅडम पहिलं हेच सांगतात: "आधी तुकड्याचं तोंड कुठे आहे ते शोध, मग मेणात ठेव."

श्वासनलिकेचं अस्तर तर नीट कापलं तरी फसवतं. तिथल्या सगळ्या पेशींचे पाय तळाला टेकलेले असतात, पण केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर, त्यामुळे तीन-चार थर असल्याचा भास होतो. वरच्या कडेला मात्र पक्ष्माभिकांची, म्हणजे पेशींवरच्या केसांसारख्या तंतूंची, बारीक झालर दिसते आणि मग चूक होत नाही. मूत्राशयाची तऱ्हा आणखी वेगळी: रिकामं असताना पाच-सहा थर, भरलं की तेच अस्तर ताणून दोन-तीन थरांवर येतं. सगळ्यांत वरच्या मोठ्या पेशींना छत्रीपेशी म्हणतात. रक्ताने एकदा टाकून दिलेलं परत आत शिरू नये, ही जबाबदारी त्यांची.

रंगाबद्दल थोडं सांगते, कारण काच बघणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. निळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. हा मूळचा मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून काढलेला रंग आहे. केंद्रकं तो धरतात. काच त्यातून काढली की जांभळट-लाल दिसते, आणि वाहत्या नळाखाली धरली की पाण्याच्या किंचित अल्कधर्मीपणाने हळूहळू निळी होते. इतक्या वर्षांनीही ते बघायला मला आवडतं. मग इओसिन, त्याने उरलेली पेशी गुलाबी होते. या दोन रंगांवर जगभरातली बहुतेक निदानं होतात.

आता मुख्य गोष्ट. या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. एकही नाही. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की मधून केशवाहिनी जायला जागाच नसते. अन्न, ऑक्सिजन सगळं खालून झिरपत येतं. आणि अस्तर ज्यावर उभं असतं ती असते एक अतिशय पातळ पट्टी, बेसमेंट मेम्ब्रेन. नेहमीच्या निळ्या-गुलाबी काचेवर ती बहुतेक ठिकाणी धड दिसत नाही. पीएएस नावाचं दुसरं रंगकाम केलं की किरमिजी रेघ उमटते: वर अस्तर, खाली रक्तवाहिन्या, नसा, तंतू, बाकीचा सगळा संसार. भाच्याला मी म्हटलं, बाकी सगळं विसरलास तरी चालेल, ही रेघ लक्षात ठेव.

कारण ग्रंथीही हीच रेघ बरोबर घेऊन खाली उतरतात. शाळेत आम्हाला ग्रंथी हा वेगळाच धडा होता, आणि कितीतरी दिवस मला वाटायचं की ग्रंथी म्हणजे शरीरात कुठेतरी ठेवलेल्या स्वतंत्र वस्तू. तसं नाही. मळलेल्या कणकेच्या गोळ्यात बोट दाबलं की वरचाच पृष्ठभाग खळगा होऊन आत जातो. गर्भात अस्तर असंच खाली दबत जातं आणि ग्रंथी होते. खळगा सरळ राहिला तर नळी. मोठ्या आतड्यात अशा सरळ नळ्या शेजारीशेजारी उभ्या दिसतात. टोकाशी फुगला तर पिशवी. फांद्या फुटत गेल्या तर लाळग्रंथी, स्वादुपिंड, स्तन. वर उघडणारं तोंड शाबूत राहिलं की ती नलिका असलेली ग्रंथी, स्राव पृष्ठभागावर येतो. तोंड बुजलं, देठ गळून पडला, की ती अंतःस्रावी. मग माल रक्तात सोडण्याखेरीज तिला दुसरा रस्ताच उरत नाही.

याचा पुरावा गळ्यात सापडतो. थायरॉइड गर्भात जिभेच्या मुळाशी सुरू होते आणि खाली सरकत मानेत येते. मागे राहिलेला देठ एरवी विरून जातो. काहींचा विरत नाही आणि त्यात पाणी साठून गाठ होते, बहुतेकदा मुलांत, मानेच्या बरोबर मध्यावर. डॉक्टर मुलाला जीभ बाहेर काढायला सांगतात; गाठ वर सरकली की ओळखायचं, कारण ती अजून जिभेशी बांधलेली आहे. अशी गाठ आमच्याकडे येते तेव्हा तिच्या भिंतीत अस्तराची ओळ सापडते, कधी त्यात थायरॉइडचे चुकार कण. आणि खुद्द थायरॉइडच्या काचेवर देठ हरवलेल्या या ग्रंथीने काढलेली युक्ती दिसते: गोल गोल कोठड्या, कडेने घनाभरूप पेशींची एकेरी ओळ, आत गुलाबी कोलॉइड भरलेलं. हार्मोनचा असा साठा पेशींच्या बाहेर करून ठेवणारी अंतःस्रावी ग्रंथी ही एकच. विसाव्यात असली की ओळ बुटकी, कामाचा जोर वाढला की उंच.

स्वादुपिंडात दोन्ही प्रकार एकाच कापात दिसतात. सगळीकडे पाचक रस बनवणाऱ्या गडद पेशींचे झुपके, त्यांच्या नळ्या आतड्याकडे निघालेल्या. आणि मध्येच कुठे फिकट पेशींचं बेट, ज्याला कुठलीही नळी नाही. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये प्रबंधासाठी ती बेटं पाहून नोंदवली. ती कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. इन्शुलिन त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९२१ मध्ये हाती लागलं. वजनाने ही बेटं स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच, पण घराघरातली मधुमेहाची गोळी त्यांच्यापायी आहे.

सगळ्यांत छोटी ग्रंथी एका पेशीची असते. आतड्याच्या अस्तरात मध्ये मध्ये अशा श्लेष्म भरलेल्या पेशी उभ्या असतात, निळ्या-गुलाबी काचेवर जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या. पोट बिघडून आव पडते तेव्हा जे बुळबुळीत पडतं त्यात यांचा वाटा मोठा. पित्ताशयाच्या मुख्य अस्तरात या पेशी एरवी नसतात. खडे वर्षानुवर्षं घासत राहिले की अस्तर आपली जात बदलतं आणि त्या तिथे उगवतात. म्हणून पित्ताशयाच्या काचेवर त्या दिसल्या की मॅडम थांबून पुन्हा बघतात.

जठराच्या कापात खड्ड्यांच्या तळाशी नळ्या उतरतात. त्यांत गुलाबी मोठ्या पेशी आम्ल सोडतात आणि निळसर पेशी पेप्सिनची कच्ची अवस्था. त्या आम्लाने जठर स्वतःला का पचवत नाही? कारण वरच्या पेशी श्लेष्माचा जाड थर सतत अंथरत असतात. त्या थरात काही राहू शकेल यावर पूर्वी बहुतेकांचा विश्वास नव्हता. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टने १९७९ मध्ये जठराच्या बायॉप्सीत वळणदार जंतू पाहिले, जठराला सूज त्यांच्यामुळेच येते हे पटवायला बॅरी मार्शलने पुढे १९८४ मध्ये त्यांचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं, आणि २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आजही जठराचा तुकडा आला की मी गिएम्सा नावाच्या रंगाची एक जादा काच करते, त्या जंतूसाठी. नोबेल एका पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे शेवटी कुणीतरी केलेल्या काचांमुळेच, हे मी लॅबमध्ये अधूनमधून बोलून दाखवते.

त्वचेतल्या ग्रंथींना मात्र कोणी मान देत नाही. घामाच्या ग्रंथी अंगभर लाखोंच्या संख्येने, प्रत्येक म्हणजे खाली वेटोळं घातलेली एक लांब नळी. उन्हाळ्यात नळीचं तोंड तुंबलं की घामोळं. पापणीच्या कडेची ग्रंथी तुंबून पिकली की रांजणवाडी. केसांच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथींची रीत तर वेगळीच आहे. घामाची पेशी घाम सोडून पुन्हा कामाला लागते, पण तेलग्रंथीची पेशी तेलाने भरते, फुटते आणि स्वतःच स्राव होऊन जाते. तळाशी नवी पेशी तयार असते. गालगुंड झालं की सुजते ती कानापुढची पॅरोटिड. तिचा स्राव पाण्यासारखा पातळ. जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ जास्त चिकट, आणि तिची नळी वरच्या दिशेला चढते, म्हणून लाळेचे खडे बहुतेक तिथेच होतात. अशा माणसाला चिंच समोर आली तरी कळ येते.

आणि स्तन? ती घामाच्याच ग्रंथीची बदललेली आवृत्ती आहे. हे ऐकून बायका हसतात. पण स्तनातल्या प्रत्येक नळीला आतून दोन ओळी असतात: आतली दूध बनवणाऱ्या पेशींची, बाहेरची आकुंचन पावून दूध पुढे ढकलणाऱ्या पेशींची. घामाच्या ग्रंथीतही अशाच आकुंचन पावणाऱ्या पेशी असतात. त्या ओळीबाहेर रेघ. गाठीचा तुकडा आला की मॅडम आधी ही बाहेरची ओळ शोधतात. ती शाबूत असेल तर आतल्या पेशी कितीही बिघडलेल्या दिसोत, त्या अजून नळीतच आहेत.

इथे रक्तवाहिन्यांची गोष्ट कामाला येते. मोठ्या माणसांमधले बहुतेक कर्करोग अस्तरातून किंवा त्याच्या ग्रंथींतून निघतात. साहजिक आहे: सगळ्यांत जास्त झीज तिथे, सगळ्यांत जास्त पेशी तिथे नव्याने तयार होतात. लहान आतड्याचं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत पूर्ण बदलतं. पण बिघडलेल्या पेशी रेघेच्या वर आहेत तोवर त्यांना शरीरात दुसरीकडे जायला वाट नाही, कारण वर रक्तवाहिनीच नाही. रेघ ओलांडली की वाट मिळाली. रिपोर्टवर "इन सिटू" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की अजून रेघेच्या वर.

आमच्या भागात हे सगळ्यांत जास्त बघायला मिळतं ते तोंडाच्या तुकड्यांत. गालाच्या आतलं अस्तर एरवी मऊ, ओलं, थरांचं, पण त्यावर कातडीसारखं कडक आवरण नसतं. तंबाखूची गोळी रोज एकाच ठिकाणी ठेवली की तिथलं अस्तर कडक आवरण बनवू लागतं आणि पांढरा चट्टा पडतो. सुपारीचा मार वेगळा: अस्तर पातळ होतं आणि त्याखालची ऊती आवळत जाते, तोंड दोन बोटंही उघडत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. तरी पाकिटं कुठे मिळतात हे कुणाला विचारावं लागत नाही. मशेरी लावणाऱ्या बायकांचा तर या हिशेबात कोणी विचारच करत नाही. त्या म्हणतात आम्ही तंबाखू खात नाही, नुसते दात घासतो. मला याचा राग येतो. त्या बायकांचा नव्हे, तर भाजलेल्या तंबाखूची पूड दात घासायला म्हणून विकणाऱ्यांचा.

दुसरी जागा गर्भाशयमुख. इथे दोन जातींची अस्तरं एकमेकांना भेटतात: बाहेरून थरांचं पट्टकी, आतल्या नळीत एकेरी स्तंभीय. वयात आल्यावर या सीमेवर स्तंभीय अस्तर हळूहळू पट्टकी होत जातं, आणि ही बदलती पट्टीच एचपीव्ही विषाणूची आवडती जागा. बिघाडाची पायरी ठरते ती अस्तराच्या जाडीपैकी तळापासून किती भाग बिघडलाय त्यावर: खालचा एक तृतीयांश, दोन तृतीयांश, की पूर्ण. आता कळेल, तुकडा तिरका बसला तर का ओरडा बसतो. कापच तिरका असेल तर जाडी मोजणार कशी?

या बाबतीत आपल्याकडचं एक मोठं काम फार कमी लोकांना माहीत आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने, मुंबईच्या टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथल्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात, कोणतीही तपासणी न मिळालेल्या गटाच्या मानाने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. डोक्यावर पदर घेऊन तपासणीला आलेल्या त्या बायकांमुळे जगाला हे कळलं. आमच्या गल्लीत मी चाळिशीच्या बायकांना हे सांगते तेव्हा पहिला प्रश्न येतो, दुखतं का? फारसं दुखत नाही. आणि या तपासणीत टाकेही नसतात.

भाच्याला शनिवारी लॅबमध्ये यायची परवानगी मॅडमनी दिली आहे. त्याच्यासाठी जुन्या शिकवण्याच्या काचा वेगळ्या काढून ठेवल्या आहेत: थायरॉइड, स्वादुपिंड, मोठं आतडं. आधी पित्ताशय दाखवणार.

जाता जाता कामाचं. घरातल्या कुणाची बायॉप्सी झाली आणि तुकडा तुमच्याच हाती दिला, तर बरणीत फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट आहे का बघा. मिठाच्या पाण्यात तासन्‌तास राहिलेला तुकडा सडायला लागतो आणि सगळ्यांत आधी जातं ते अस्तर. रिपोर्टबरोबर ब्लॉकचा नंबर असतो, तो जपून ठेवा. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल किंवा पुढे नवी तपासणी करायची असेल तर अर्ज करून ब्लॉक मागता येतो. आणि बरणीवर नाव, वय आणि डावी बाजू की उजवी, हे लिहिलेलं आहे ना, तेवढं तिथेच वाचून घ्या. नाहीतर दुपारभर फोन फिरवत बसावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे आहे.